ठिपका जागेवर होता

सन दोन हजार चोवीस. माझं वय तेव्हा एकाहत्तर. म्हणजे कागदावर एकाहत्तर. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजानं तारीख टाकली, तेव्हा एखादं वर्ष इकडंतिकडं. शाळा मी चौथीपर्यंत केली. हे लिहिलेलं कुणाकडून दुरुस्त करून घेतलेलं नाही. कुणी घेऊ म्हटलं असतं तरी मी दिलं नसतं.

त्या वर्षी जूनमध्ये मुलानं मला मोठा फोन आणून दिला. नात नुकतीच दहावी झाली होती. तिला सायन्सला घातलं आणि उस्मानपुऱ्यात डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास लावला. मुलगा वाळूजला कंपनीत, सून एका दवाखान्यात रिसेप्शनला. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हणजे गारखेड्याच्या घरात दिवसभर मी एकटा.

मुलानं माझ्याशेजारी बसून फोनवर शहराचा नकाशा उघडला. त्यावर तिचा फोटो असलेला एक बारका गोल ठिपका होता.

"अण्णा, ही ती. ती जाईल तिथं हा ठिपका जातो. मला कंपनीत फोन बघू देत नाहीत. तुम्ही घरीच असता, तुम्ही नजर ठेवा."

"तिला माहीत हाय का हे?"

"तिच्यासमोरच टाकलंय."

नात दारात उभी होती. मला वाटलं, तिलाही बरं वाटलं असेल, आजोबा आपल्याकडं बघणार म्हणून.

मला ते दोन दिवसांत जमलं. माझ्या वयाच्या माणसांना हे जमत नाही, मला जमलं, आणि त्याचं कारण माझी नोकरी. मी बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात लाईनमन होतो. लाईनमन म्हणजे गल्लीगल्लीत जमिनीखालचे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा माणूस. आम्ही त्याला कॉक म्हणायचो. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, हातात एक सळई. सळईचं एक टोक पाईपवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, की पाणी कुठवर आलं ते ऐकू यायचं. औरंगपुरा, शहागंज, तिथल्या सगळ्या लाईनी माझ्या डोक्यात. साहेब लोक कागदाच्या गुंडाळ्या घेऊन यायचे आणि शेवटी मलाच विचारायचे. त्यामुळे नकाशावरचे रस्ते बघून मला नावं वाचायची गरज पडली नाही. ठिपका सरकला की मी मनात म्हणायचो, इथून आठ इंची लाईन जाते, इथं ती डावीकडं वळते.

नोकरीतली एक गोष्ट इथं सांगून ठेवतो, कारण पुढं ती मला फार आठवली. शहागंजात एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी राहायची. मी कॉक सोडला की ती खिडकीतून ओरडायची, "लाईनमनसाहेब, तुमचं पाणी गल्लीतच मरतं का वो? वर एक थेंब नाय आला!"

मी खालून ओरडायचो, "पाणी सोडलंय. सळई लावून ऐकलंय. लाईनीत फुल पाणी हाय!"

"मग सळईच पाठवा वर, तीच पिते!"

सगळी गल्ली हसायची. मला राग यायचा. माझं काम पाणी गल्लीत आणायचं. वर चढतं की नाही, ते बघायला मी एकदाही जिना चढलो नाही. बत्तीस वर्षांत एकदाही नाही.

नातीचा दिवस असा असायचा. सकाळी कॉलेजला नावापुरतं जाऊन यायचं, जेवायचं, तीन वाजता शेअर रिक्षानं निघायचं. साडेतीनला ठिपका उस्मानपुऱ्यात त्या चार मजली बिल्डिंगवर थांबायचा. साडेसातला परत निघायचा. चार वाजता चहाच्या सुट्टीत मुलाचा फोन यायचा.

"अण्णा, पोचली का?"

"जागेवर हाय."

हे दोन शब्द मी ज्या आवाजात म्हणायचो, त्याच आवाजात पूर्वी साहेबाला म्हणायचो, 'पाणी सोडलं.' मला पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं होतं. संध्याकाळी कट्ट्यावर आम्ही पाचसहा म्हातारे बसायचो. तिथं मी फोन काढायचो. "माझी नात आत्ता कुठं बसलीय, सांगू?"

एक जण म्हणाला, "लाईनमन, तू रिटायर झाला नाहीस रे. आधी कॉक फिरवायचास, आता नातीला फिरवतोस."

"तुझी नात कुठाय?" मी विचारलं.

"घरी असंल, नाय तर मैत्रिणीकडं. आली की सांगंल."

"म्हणजे तुला माहीत नाय," मी म्हणालो. तो तंबाखू मळायला लागला. मला वाटलं, मी जिंकलो.

दसऱ्याच्या आधी एक दिवस ठिपका उस्मानपुऱ्याला थांबलाच नाही. सरळ शहागंजात गेला, घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत शिरला आणि तिथं सव्वा तास बसून राहिला. मी फोन लावला.

"कुठंयस?"

"आबा, मी... मराठीच्या मॅडमकडं आलेय. दहावीला होत्या त्या."

"क्लास सोडून?"

"एकच दिवस. घरी आल्यावर सांगते."

घरी आल्यावर तिला सांगू कोण देतंय! मी आधीच मुलाला कळवलं होतं. तो तापलेलाच आला. दोघांनी मिळून तिला उभी केली. सून म्हणाली, "अहो, तिचं ऐकून तरी घ्या." मी म्हणालो, "ऐकायचं काय त्यात? क्लास एका टोकाला, पोरगी दुसऱ्या टोकाला. मी डोळ्यानं बघितलंय." नात एकदा बोलली, "मला ते जमत नाहीये." मुलगा म्हणाला, "जमत नाही म्हणून शहागंज फिरायचं का?" मग ती दप्तर घेऊन आत गेली.

मी तेवढ्यावर थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून त्या बाईंचा नंबर घेतला आणि फोन केला. बाई रिटायर झालेल्या, आवाज शांत.

"आजोबा, ती फार रडत होती. तिला सायन्स झेपत नाही. तुम्ही एकदा तिच्याशी निवांत बोला."

"आमच्या पोरीच्या डोक्यात काय भरवायचं नाय," मी म्हणालो. "ती कुठं असती, कवा असती, ते मला मिनिटामिनिटाला माहीत असतं. तुम्ही नका सांगू. आणि तिला परत दारात घेऊ नका. घेतलं तर मला दिसंल."

बाई म्हणाल्या, "ठीक आहे." आणि फोन ठेवला.

त्यानंतर ठिपका एकदाही इकडंतिकडं गेला नाही. दिवाळी झाली, संक्रांत झाली. साडेतीनला बिल्डिंगवर, साडेसातला बाहेर. मी कट्ट्यावर सांगायचो, पोरांना एकदा दम दिला की सरळ येतात. क्लासवाल्यांचे मेसेज मुलाच्या फोनवर यायचे, पण दिवसाला पंधरावीस. त्यानं ते उघडणं सोडून दिलं होतं. मी होतोच की जागेवर आहे म्हणून सांगायला.

बाकीचं मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. ती टीव्हीच्या रिमोटवरून माझ्याशी भांडायची, ते बंद झालं. भाकरीचा चतकोर ताटात राहायला लागला. कपडे धुताना सून कुरकुरायची, "हिच्या पाठीला रोज हा चुना कुठला लागतो, मामा?" मी म्हणालो, क्लासच्या भिंतीचा असंल. आणि तिचं तोंड रापलं होतं. ऐन थंडीत नाकाचं साल निघत होतं. मी एकदा म्हणालो, "तुझ्या क्लासात एसी हाय म्हणती, मग एवढी काळवंडली कशी?" ती म्हणाली, "रिक्षात ऊन लागतं." मला पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. किती दिवसांनी बसली होती. माझा फोन उचलून म्हणाली, "आबा, तुम्ही मला रोज बघता?"

"व्हय. रोज."

"काय दिसतं?"

"तू दिसती."

"कशी दिसते मी?"

"ठिपका दिसतो. अजून काय दिसणार?"

ती हसली. फोन पालथा ठेवून उठून गेली. मी लगेच तो सुलटा केला, काचेला चरा गेला का बघायला.

मार्चच्या सुरुवातीला, ऊन तापायला लागल्यावर, दुपारी मला एक फोन आला. क्लासच्या बिल्डिंगचा वॉचमन. हा माणूस मूळचा शहागंजचा, त्याच्या गल्लीला मी वीस वर्षं पाणी दिलेलं. त्याच्या पोरीच्या लग्नात जादा दोन तास कॉक उघडा ठेवला होता, ते तो अजून बोलून दाखवायचा. माझी नात तिथं क्लासला येते, हे मीच त्याला सांगितलेलं होतं.

"चचा, छत पे टाकी का कॉक जाम हो गया. प्लंबर कू नै समझ रा. तुम आके देखते क्या?"

"आजकालच्या प्लंबरला काय समजतंय?" मी म्हणालो. "आलोच."

जुना पाना पिशवीत घातला आणि रिक्षा केली. तोवर चार वाजून गेले होते. वाटेत मुलाचा फोन आला, मी सांगितलं, जागेवर हाय. वॉचमन खाली स्टुलावर बसला होता. तो उठून उभा राहिला, पण माझ्याबरोबर वर आला नाही. "ऊपर है," एवढंच म्हणाला. लिफ्ट होती. मी जिन्यानं गेलो. लिफ्ट म्हाताऱ्यांसाठी असते.

तिसऱ्या मजल्यावर क्लास. दाराबाहेर पोरापोरींच्या चपलाबुटांचा ढीग. आतून माईकवर शिकवण्याचा आवाज येत होता. मी दम खायला थांबलो आणि फोन काढला. ठिपका याच बिल्डिंगवर. मला फार बरं वाटलं. या दाराआड आपली नात बसलीय आणि वर आपण टाकी दुरुस्त करणार, एकाच वेळी! ढिगात तिच्या निळ्या पट्ट्याच्या चपला दिसतात का पाहिलं. दिसल्या नाहीत. एवढ्या गर्दीत कुठून दिसणार, असं म्हणून मी पुढचा जिना चढलो.

गच्चीवर चार काळ्या टाक्या. मी पहिल्या टाकीचा कॉक धरला, फिरवला. लोण्यासारखा फिरला. दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, तसाच. खाली जमीन कोरडी ठणठणीत. चौथ्या टाकीकडं गेलो तर आधी निळ्या पट्ट्याच्या चपला दिसल्या. मग दप्तर. टाकीच्या सावलीची हातभर पट्टी होती, त्या पट्टीत अंग चोरून, चुना दिलेल्या भिंतीला पाठ लावून ती बसली होती.

ती काहीच करत नव्हती, ते माझ्या अजून डोळ्यापुढं येतं. कानात गाणी नव्हती, कुणाशी बोलणं नव्हतं, बरोबर कुणी पोरगा नव्हता. पोरगा असता तर मी ओरडलो असतो, हात उचलला असता, काहीतरी केलं असतं. ती नुसती समोर बघत होती.

"आबा," ती म्हणाली. घाबरली नाही. "कॉक बघायला आलात?"

"व्हय."

"चांगला आहे तो. मी रोज बघते."

मी पिशवी खाली ठेवली. पाना वाजला.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"रोज?"

"रोज. आधी दोन दिवस इथं वर आले, तर कुणालाच काही कळलं नाही. मग खाली गेलेच नाही. तिथं नावानं हाक मारत नाहीत, आबा. नंबर घेतात. टेस्टमध्ये कमी पडले की मागच्या बाकावर. मागून फळा दिसत नाही, सर बोलतात ते कळत नाही. मग परत टेस्ट."

"घरी सांगायचं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "सांगत होते की. मॅडमना आधी सांगितलं, मग तुम्हाला सांगणार होते. मॅडम म्हणाल्या, मी येते तुमच्या घरी बोलायला. नंतर त्या फोनच घेईनात."

त्यांना मी काय बोललो होतो, ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तरी ती ज्या तऱ्हेनं बघत होती त्यावरून मला वाटलं, तिला माहीत असावं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "पण मला तर तू रोज क्लासात दिसायचीस."

"ते बरोबरच आहे. बिल्डिंग हीच आहे ना."

मी खिशातून फोन काढून पाहिला. नकाशावर वरखाली काही नसतं. तिथं एकच ठिपका होता, त्यात माझा फोटो. बारकाईनं पाहिलं तेव्हा माझ्या फोटोमागून तिच्या ठिपक्याची कड जराशी दिसली. एवढ्या महिन्यांत मला पहिल्यांदा तो फोन फेकून द्यावा असं वाटलं. पण फेकला नाही. खिशात ठेवला आणि तिच्याशेजारी त्या हातभर सावलीत बसलो. सावली दोघांना पुरत नव्हती.

समोर कठडा होता. माझ्या मांडीएवढा उंच असेल. मी त्याच्याकडं बघितलं, ती पण त्याच्याकडंच बघत होती. विचारायचं धाडस झालं नाही. बत्तीस वर्षं ज्याची जीभ साहेबांपुढं अडली नाही, त्याला त्या दिवशी नातीला एक सरळ प्रश्न विचारता आला नाही. आम्ही साडेसातपर्यंत तिथंच बसलो. पुरता अंधार पडला तेव्हा मी म्हणालो, "चल." ती उठली.

खाली वॉचमननं मला बाजूला घेतलं.

"चचा, कॉक कू कुछ नै हुआ था."

"कळलं मला."

"बच्ची का बोलता तो तुम मेरेपे बिगडते. बोलते, मेरेकू सब मालूम है. कॉक का बोला तो आए."

मी मान खाली घातली.

"पैले लगा, पढती होएंगी ऊपर. फिर मैं आधे आधे घंटे कू चक्कर मारने लगा. चुपचाप बैठती थी. कल जाके देखा तो कठडे के पास खडी थी. लई देर. मैं आवाज दिया तो पीछे हुई. फिर मेरेसे रहा नै गया."

हा माणूस गुडघे दुखतात म्हणून स्टूल सोडत नाही, असं मी स्वतः त्याला चिडवलेलं आहे. तो रोज आठ वेळा चार मजले चढत होता.

घरी जेवणाच्या ताटावर मी सगळं सांगितलं. कठड्याचंही. नातीसमोरच सांगितलं, कारण तिच्यामागून सांगायचं खूप झालं होतं. मुलाच्या हातातला घास तसाच राहिला.

"अण्णा, तुम्ही रोज सांगायचात ना, जागेवर आहे म्हणून? आज चारलासुद्धा सांगितलंत!"

"जागेवरच होती."

"मग तुम्ही बघत काय होतात?"

घास ताटात ठेवून मुलगाच पडलेल्या आवाजात म्हणाला, "आता मनगटावरचं घड्याळ मिळतं. त्यात छातीचे ठोकेसुद्धा दिसतात. ते घेऊ."

"गप बसा हो तुम्ही," सून म्हणाली. एवढ्या वर्षांत ती माझ्यासमोर नवऱ्याला असं कधी बोलली नव्हती. तिनं मुलीचा हात धरून तिला आत नेलं, आपल्याजवळ निजवलं आणि उद्या दवाखान्यात जाणार नाही म्हणून फोन करून टाकला. आतून दोघींचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन बसलो. आवाज आला नाही. मुलगा ताटावरच बसून होता. त्याचीही मला त्या दिवशी कीव आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला. नात आईच्या कुशीत झोपलेली होती, ते दारातून पाहिलं. फोन माठाशेजारी फळीवर ठेवला आणि शेअर रिक्षानं शहागंजला गेलो. मनोऱ्यामागची गल्ली मला कुणी दाखवायची गरज नव्हती. बाईंचं घर दोन जणांना विचारून सापडलं. वरच्या मजल्यावर. अरुंद जिना चढून मी बेल दाबली. लाकडी दार उघडलं, बाहेरचं जाळीचं दार बंदच राहिलं. पिकलेल्या केसांच्या बाई जाळीमागं उभ्या.

"कोण हवंय?"

मी बोललो आणि त्यांनी आवाज ओळखला. चेहऱ्यावरून कळलं.

"मी तिचा आजा," मी म्हणालो. "माझं चुकलं, बाई." हे शब्द मी बायकोलाही कधी म्हणालो नव्हतो. तोंडात ते खड्यासारखे लागले. मग गच्ची, टाकी, दिवाळीपासूनचं सगळं सांगितलं. उभ्यानंच. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आत्ता काय करतेय ती?"

माझा हात सदऱ्याच्या खिशात गेला. खिसा रिकामा होता.

"माहीत नाय, बाई," मी म्हणालो.

त्या जाळीची चावी आणायला आत गेल्या. मी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि उभा राहिलो.